शेतकऱ्याची बदली

तलाठ्याची बदली होते, तहसीलदाराची होते, फौजदाराची तर उठता-बसता होते. शेतकऱ्याची बदली झालेली तुम्ही कधी ऐकली आहे? मी ऐकलेली नाही, मी केलेली आहे. तीही एकदोन नव्हे, चांगल्या खंडीभर. जो अधिकार सरकारनं कलेक्टरलाही दिला नाही, तो सत्तरच्या दशकात वाशीमच्या एका कॉलेजच्या कार्यालयात, डुगडुगत्या टेबलाशी बसून मी वर्षानुवर्षं गाजवला. चार एकरांचा धनी, दारात बैलजोडी, पायात माती, आणि त्याच्या पोराच्या दाखल्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं कारण: 'वडिलांची बदली झाल्यामुळे'. कुठून कुठं झाली, कोणत्या खात्यात झाली, बैलांसकट झाली की बैल मागे राहिले, हे विचारायची पद्धत नव्हती.

या सगळ्याच्या मुळाशी होती बँक.

बँका नुकत्याच सरकारी झाल्या होत्या. गावोगाव शाखा निघत होत्या आणि त्यांना कारकून हवे होते. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. आमच्याकडे 'ब्यांकेत लागला' हे शब्द उच्चारताना लोक आवाज खाली आणत, देवळात आणतात तसा. शिक्षकाला स्थळं सांगून येत, पण बँकवाल्याच्या दारात स्थळं रांग लावत. आणि कुणीतरी, तो मला एकदा भेटायलाच हवा होता, अशी हूल उठवली की बँकेचे साहेब वाशीमच्या कॉलेजचं नाव पाहिलं की अर्ज खाली सरकवतात आणि नागपूरचं पाहिलं की वर ठेवतात.

झालं. दर जूनला माझ्या खिडकीशी झुंबड.

"बाबूजी, टी.सी. पाह्यजे."

"काहून?"

"नागपूरले जाचं हाये. ब्यांकेत लागाचं हाये."

"अरे, ब्यांक तर इथं बाजारात हाये. रोज तिच्या पायरीवर बसून तू बिड्या ओढतो."

"तुमाले नाई समजत बाबूजी. तिथचं नाव असलं का साहेब फारम वर ठेवते."

मला समजत नव्हतं! पुस्तकं तीच, अभ्यासक्रम तोच, परीक्षेचा पेपरसुद्धा तोच, एकाच विद्यापीठाचा. पण सांगतो कुणाला?

टी.सी. म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. बाहेरच्यांना तो साधा कागद वाटतो. त्याचं मर्म एवढंच की तो दिला की आमच्या रजिस्टरातून तुमचं नाव कटलं. नवीन कॉलेजनं मुदतीत घेतलं तर ठीक, नाही घेतलं तर तुम्ही इकडचेही नाही आणि तिकडचेही नाही. त्या कागदावर एक रकाना असतो: 'कॉलेज सोडण्याचे कारण'. माझ्या आयुष्याची जी काही चाळीस-पन्नास टक्के डोकेदुखी आहे, ती त्या दीड इंचाच्या रकान्यात राहते.

पहिल्या वर्षी मी भोळेपणानं खरं तेच लिहिलं: 'बँकेत नोकरी मिळण्याच्या दृष्टीने'. प्राचार्यांनी तो गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला. "अहो, मी कॉलेज चालवतो, स्टेशन नव्हे! हे दाखले बाहेर गेले तर लोक म्हणतील वाशीमच्या कॉलेजातून बँकेत जाता येत नाही." मी मनात म्हटलं, लोक तेच तर म्हणताहेत. त्यांनी नियम दाखवला: पदवीच्या मधल्या वर्षी कॉलेज सोडायला तीनच कारणं चालतील. आजारपण, लग्न, किंवा पालकाची बदली.

मुलांनी आजारपण निवडलं. त्या जूनमध्ये आमचं कॉलेज म्हणजे दवाखाना झाला. बॉडीबिल्डरसारखी पोरं पोट धरून खिडकीशी कण्हत. मी लिहिलं: 'पोटाचा जुनाट विकार', 'छातीत दुखणे', आणि एका कुस्तीगिराला, कल्पना संपल्यावर, 'सर्वसाधारण अशक्तपणा'. तो पुढे बँकेची परीक्षा खरोखर पास झाला आणि डॉक्टरी तपासणीत त्याला विचारलं की तुमच्या दाखल्यावरचा अशक्तपणा गेला का. त्यानं तिथंच जोर काढून दाखवले म्हणतात. तो सुटला, पण आजारपण बाद झालं. लग्नाचं कारण मुलांना शोभेना आणि मुलींचे बाप भडकत. राहिली बदली.

वडिलांची बदली. मग ती सगळ्यांच्याच वडिलांची झाली. हात दुखायला लागला म्हणून मी बाजारातून तीन शब्दांचा रबरी शिक्काच करून आणला. धाड, धाड, धाड. एका दुपारी मी अर्धा तालुका हलवत असे. आमचा शिपाई मला 'बदली मामलेदार' म्हणायचा आणि मी, खोटं कशाला बोलू, मिशीत हसायचो.

आणि मग सुजाता आली.

अनसिंगची मुलगी. बी.कॉम.चं पहिलं वर्ष उत्तम गुणांनी पास. बोलणं कमी, नजर सरळ. तिची आत्या नागपूरला राहत होती, कॉलेजात जागा मिळालेली होती, फक्त शनिवारपर्यंत आमचा दाखला तिथं पोचायला हवा होता. मी सोमवारी तिचं नाव कापलं, दाखला लिहिला, शिक्का हाणला. बदलीच्या दाखल्यावर पालकाचीही सही लागायची, हा प्राचार्यांचा नवा शोध. म्हणून मंगळवारी ती वडिलांना घेऊन आली.

किसनजी. उंच, वाळलेला माणूस, धुवट धोतर, खिशाला पेन. पेन खिशाला आहे म्हणजे हा वाचणार, हे मी ओळखायला हवं होतं. बाकीचे बाप मी दाखवीन तिथं अंगठा किंवा सही ठेवून मोकळे होत. यांनी कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत चालले. त्यांच्या मागे वीस जण रांगेत. बोट दीड इंचाच्या रकान्यावर येऊन थांबलं.

"बदली? कोनाची?"

"तुमची."

"माही?"

"कागदावर हो. कागदावर."

"मले कोन बदलून राह्यलं?"

रांगेत खसखस पिकली. मी माझा ठेवणीतला आवाज काढला. "किसनजी, असं लिहावं लागते. सगळ्यांचंच लिहिलं आहे. हा मागचा, याचेही वडील बदलले. तो खांबाजवळचा, त्याचे तर वडील वारले आहेत, तरी बदलले."

"त्याइचं त्याइनं पाहावं. मी अनसिंगचा. काल वखर हाकलत होतो, उद्या हाकलनार. मी कुठीसा बदललो?"

"बाबा, सई करा ना," सुजाता हळूच म्हणाली.

"तुले वाचता येते ना? वाच. खरं हाये काय हे?"



"बाबूसाहेब," किसनजी माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "छप्पनले मी पायदल-गाडीनं कसा तरी नागपूरले गेलो होतो. दीक्षा घेतली. खोटं बोलनार नाई असं त्या मैदानात हात जोडून म्हनलो. लाखो मानूस होता, माहा आवाज कोनाले आयकू गेला नसन. मले आयकू आला. आता त्याच नागपूरले पोरीले खोटा कागद देऊन धाडू?"

"अहो, कोणी बघत नाही हो!"

"मी पाहून राह्यलो ना."

दाखला टेबलावर ठेवून ते निघून गेले. सुजाता एक क्षण उभी राहिली. तिचे डोळे भरलेले होते, पण आवाज कोरडा होता. "बाबूजी, माझं नाव परत लागन काय इथं?"

लागणार नव्हतं. कापलेलं नाव परत लावायला विद्यापीठाची परवानगी, म्हणजे दिवाळी. म्हणजे शनिवार उलटला की ही हुशार पोरगी वर्षभर घरी. मी त्या संध्याकाळी घरी जाताना किसनजींना यथेच्छ शिव्या घातल्या. एक सही! सगळा तालुका निमूट बदलला आणि हा एक माणूस जागचा हलत नाही! दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांकडेही गेलो. म्हटलं, एवढ्या एका दाखल्यावर 'स्वेच्छेने' लिहू द्या. ते म्हणाले, "एकाला स्वेच्छा दिली की उद्या सगळ्यांना होईल."

शुक्रवारी सकाळी कार्यालय उघडतच होतो. पायरीवर किसनजी. शेजारी वळकटी, एक ट्रंक, आणि सुजाता.

"काढा तो कागद," ते म्हणाले. "झाली बदली."

"झाली? कोणी केली?"

"म्या. शेत भावाले अर्ध्या वाट्यानं, बटईनं देलं. बैल त्याच्याच दावनीले बांधले. बहिनीच्या घरी नागपूरले राहतो. संत्र्याच्या बाजारात हमाली भेटते म्हंते भाऊजी."

"अहो, पण किती दिवस?"

"पोरीचं शिकनं होईस्तोर."

"दोन वर्षं?" मी किंचाळलोच. "किसनजी, डोकं ठिकाणावर आहे का? हा नुसता शिक्का आहे!"

"तुमच्यासाठी शिक्का हाये. मले सई कराची हाये." त्यांनी खिशाचं पेन काढलं, टोपण दातात धरलं आणि सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. मग सुजाताला म्हणाले, "चाल. अकोल्याची गाडी जाईन."

तुम्हाला वाटेल की मी तिथंच विरघळलो. छे! त्या संध्याकाळी स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर मी हा प्रसंग पूर्ण साभिनय करून दाखवला. वळकटी म्हणून माझी पिशवी, पेन म्हणून बिडी. 'झाली बदली!' या वाक्याला लोक टेबल बडवून हसले. पुढे कित्येक दिवस मला फर्माइश होत असे. वाशीममधल्या निम्म्या लोकांनी किसनजींना पाहिलं नव्हतं, पण माझ्या अंगात आलेले किसनजी सगळ्यांनी पाहिले होते.

पुढच्या जूनमध्ये खरे किसनजी खिडकीशी आले.

"बाबू, रजेवर आलो. पेरनीपुरता. म्हटलं, जाता जाता सांगून जाव. तुमीच बदली काढली ना."

त्यांचा चेहरा गंभीर. माणूस थट्टा करतोय की नाही हे मला आजतागायत कळलेलं नाही. उजवा खांदा डाव्यापेक्षा सुजल्यासारखा दिसत होता. मी विचारलं तर म्हणाले, "पेट्याइचा हाये. संत्री वजनदार असते, खाताना समजत नाई." मग म्हणाले, "नागपूर चांगलं हाये. पन माती दिसत नाई. सारं झाकून ठेवलं."

"सुजाता कशी आहे?"

"मस्त. तिथं एक गोष्ट लय चांगली हाये बाबू. ब्यांकेची जाहिरात आली का त्याच दिवशी बोर्डावर लागते. पोरं दुसऱ्याच दिवशी फारम भरते. आपल्या इथं काहून लागत नाई?"

ते सहज बोलले. त्यांना ठाऊक नव्हतं की बोर्डाची किल्ली कुणाकडे होती.

माझ्याकडे होती. जाहिरात पाकिटातून यायची, आवक रजिस्टरला चढायची, प्राचार्यांच्या टेबलावर जायची, विभागप्रमुखांकडे सहीला जायची, विभागप्रमुख गावी गेलेले असायचे, मग परत माझ्याकडे यायची, आणि टाचण्या संपलेल्या असायच्या. बोर्डावर लागेपर्यंत शेवटची तारीख होऊन गेलेली असे. मुलं म्हणत, साहेब वाशीमचा अर्ज खाली सरकवतात. साहेब कशाला सरकवतील! वाशीमचा अर्ज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. ज्या हूल उठवणाऱ्याला मी शोधत होतो, तो माझ्याच खुर्चीत बसला होता. त्या दिवसानंतर किसनजींची नक्कल मी केली नाही. लोक म्हणाले, बाबू आखडला.

 त्याच्या पुढच्या वर्षी, निकाल लागल्यावर, बँकेच्या मुलाखती झाल्या. नागपूरच्या त्या मुलाखतीत काय घडलं ते मला आधी कळलं धनजच्या एका मुलाकडून. तो खिडकीतून जवळजवळ आत आला.

"बाबू, तुमच्या बदलीनं माही नौकरी खाल्ली!"

मुलाखतीला प्रत्येक कॉलेजच्या दाखल्याची नक्कल लावावी लागे. साहेबांनी सकाळपासून याचा धरून आमच्याकडचे चार दाखले पाहिले होते. वडिलांचा धंदा शेती, कारण वडिलांची बदली. याच्या वेळी साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "शेतकऱ्याची बदली कशी होते?" हा गडबडला आणि म्हणाला, "सर, ते शेतकरीच आहेत, पण बदलीच्या जागेवर आहेत."

त्याचं काम झालं नाही. तो हिशेबातही कच्चा होता, असं मी त्या दिवसापासून स्वतःला सांगत आलो आहे. अधूनमधून ते पटतं.

पण त्याच्या पाठोपाठ आत जाणार होती सुजाता. पाचवा दाखला. तोच शिक्का, तीच शाई. ते ऐकल्यापासून मला जेवण गोड लागेना. दोन वर्षं एका माणसानं खांद्यावर पेट्या वाहिल्या त्या माझ्या तीन शब्दांना खरं करण्यासाठी, आणि आता त्याच तीन शब्दांवरून त्याची पोरगी खोटी ठरणार होती. कारण पाचवा माणूस खरं बोलतोय हे चार खोट्यांनंतर कोण मानतो?

महिन्याभरानं, भर दुपारी, दोघं बापलेक कार्यालयात आले. सुजाताच्या हातात पाकीट होतं. मी उभा राहिलो. माझ्या खिडकीशी आलेल्या माणसासाठी मी उठलो, असं आधी कधी झालं नव्हतं.

"काय विचारलं साहेबांनी?" मी बसा म्हणायचंही विसरलो.

सुजातानं सांगितलं. साहेबांनी दाखला पाहिला आणि बाजूच्या दोघांकडे पाहून हसले. म्हणाले, "वाशीमकडे शेतकऱ्यांच्या बदल्या करतं तरी कोण?"

"मी म्हटलं, बाकीच्यांचं मले माहीत नाही," सुजाता म्हणाली. "म्हणजे 'मला' म्हणायचं होतं, पण निघून गेलं. म्हटलं, माझ्या बाबांची त्यांनी स्वतः केली."

मग तिनं सगळं सांगितलं. रकाना, सही, बटई, संत्र्याचा बाजार. साहेबांचा विश्वास बसेना. "आता कुठं आहेत वडील?" ती म्हणाली, "बाहेर बाकावर. आज खाडा करून आले." साहेबांनी किसनजींना आत बोलावलं.

इथं किसनजींनी कथा हातात घेतली. "मले म्हंते, तुमची बदली झाली? मी म्हनलो, हो जी. म्हंते, आर्डर दाखवा. मी म्हनलो, तुमच्या हातात हाये ते काय हाये? वाशीमच्या बाबूनं काढली. मंग म्हंते, पगार? मी म्हनलो, खांदा पाहा."

"मग?"

"मंग तो साहेब लय वेळ कागदच पाहत बसला," किसनजी म्हणाले.

मग साहेबांनी सुजाताला शेवटचा प्रश्न विचारला. नागपूरच्या कॉलेजची मुलगी खेड्यातल्या शाखेत राहील का? अनसिंगला नवीन शाखा निघायची आहे, तिथं वऱ्हाडी बोलणारं माणूस लागेल. ती म्हणाली, "माझी तिथं बदली झाली तर बाबांना घरी जाता येईल."

पाकिटात अनसिंगचा हुकूम होता. मी तो दोनदा वाचला. अनसिंगच्या मुलीला अनसिंगच्या बँकेत बसायला नागपूरवरून जावं लागलं होतं, आणि मधला सगळा रस्ता मी आखलेला होता. हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. मी दोन्ही थोडं थोडं केलं.

"आता माही परतीची बदली लिवा," किसनजी म्हणाले.

"अहो, त्याला कागद लागत नाही. सरळ घरी जा!"

"जाताना लागला, येताना काहून नाई?"

रांगेत पुन्हा वीस जण होते आणि सगळे कान देऊन ऐकत होते. पूर्वीचा मी असतो तर असा प्रेक्षकवर्ग मिळाल्यावर काय काय केलं असतं! मी खाली बसलो. दाखल्याचं कोरं पुस्तक उघडलं, खरंखुरं, छापील क्रमांकाचं. ते माझ्याकडून नंतर तपासनिसानं मागितलं आणि हा पन्नाशीचा विद्यार्थी कोण म्हणून तासभर माझं डोकं खाल्लं, पण ते जाऊ द्या. नावाच्या ठिकाणी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. 'वर्तणूक' या शब्दापुढे मी नोकरीभर न बघता 'चांगली' लिहीत आलो होतो. या वेळी लिहिताना हात थांबला, कारण या वेळी मला ती माहीत होती. लिहिलं: 'चांगली'.

मग आला दीड इंचाचा रकाना. शिक्का उजव्या हाताशीच होता. मी तो खणात टाकला.

"किसनजी, सोडण्याचं कारण काय लिहू?"

त्यांना हा प्रश्न अवघड वाटला नाही. खिडकीतून त्यांनी बाहेरच्या आभाळाकडे एकदा पाहिलं.

"पेरनी," ते म्हणाले.

मी लिहिलं. त्यांनी कागद उजेडाकडे धरला, एकेका अक्षरावर बोट ठेवत शेवटपर्यंत गेले, आणि खिशाचं पेन काढलं.